बाइकला मॅट ब्लॅक करायचंय? पेट्रोल सांडलं तरी टिकणारा रंग कोणता आणि तो कसा लावतात

मॅट ब्लॅक बाइक भारी दिसते, यात वादच नाही. रॉयल एनफिल्डच्या स्टेल्थ ब्लॅकपासून कॉलेजच्या पार्किंगमधल्या जुन्या पल्सरपर्यंत सगळीकडे हा रंग दिसतो. स्प्रेचा डबा ऑनलाइन मिळतो, यूट्यूबवर दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत, आणि रविवारच्या एका दुपारीत टाकी काळी होते. पुढे कधीतरी पंपावर नोझल बाहेर काढताना चार थेंब टाकीवर पडतात. तुम्ही फडक्याने पुसता, तर फडकं काळं होतं आणि टाकीवर सुरकुतलेला चट्टा राहतो. व्हिडिओमध्ये हा भाग नसतो.

असं झालं की लोक म्हणतात, कंपनी बोगस होती. बऱ्याचदा कंपनीचा दोष नसतो, रंगाचा प्रकारच चुकीचा निवडलेला असतो. पेट्रोलला तोंड देणं हे रंगाच्या रसायनावर ठरतं. तो मॅट आहे की ग्लॉसी, महाग आहे की स्वस्त, याचा नंबर नंतर लागतो.

मॅट म्हणजे नेमकं काय?

मोबाइलला मॅट स्क्रीन गार्ड लावलं असेल, तर हे तुम्हाला आधीच माहीत आहे. गुळगुळीत काचेवर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परत जातो, म्हणून ट्यूबलाइट स्पष्ट दिसते. मॅट गार्डचा पृष्ठभाग अगदी बारीक खडबडीत असतो. प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि चमक मरते.

बाइकच्या रंगातही हेच होतं. मॅट क्लिअरमध्ये सिलिकाची बारीक पूड मिसळलेली असते. रंग सुकताना आकसतो, तेव्हा हे कण पृष्ठभागावर सूक्ष्म खडबडीतपणा तयार करतात. यातून दोन गोष्टी निघतात. एक, मॅट फिनिशला नंतर घासून पॉलिश करता येत नाही. घासलं की उंचवटे सपाट होतात आणि तेवढाच भाग चमकायला लागतो. ग्लॉसी रंगात धूळ बसली किंवा ओघळ आला, तर बारीक पेपर मारून कंपाउंडने काढता येतो. मॅटमध्ये ती सोय नाही. दुसरं म्हणजे खडबडीत पृष्ठभागात तेल, घाम, पेट्रोलचे डाग जास्त रुततात. त्यामुळे खालचं रसायन पक्कं असणं मॅटमध्ये ग्लॉसीपेक्षाही गरजेचं आहे.

पेट्रोल रंग का खातं?

रंग दोन प्रकारे घट्ट होतो. साधे स्प्रे डबे आणि गॅरेजमध्ये 'एनसी' म्हणतात तो नायट्रोसेल्युलोज रंग नुसता वाळतो. त्यातला थिनर उडून जातो आणि रंगाचा थर मागे राहतो. मिठाचं पाणी आटवलं की मीठ उरतं, परत पाणी ओतलं की विरघळतं. इथेही तसंच. थिनरमध्ये जे घटक असतात त्यांचेच भाऊबंद, म्हणजे टोल्युइन, झायलिनसारखे अॅरोमॅटिक्स, पेट्रोलमध्येही असतात. म्हणून पेट्रोल पडलं की हा थर पुन्हा मऊ होतो. डब्यावर 'अॅक्रिलिक' किंवा 'क्विक ड्राय' लिहिलं असलं तरी, हार्डनर नसेल तर तो याच गटातला समजा. याला 1के म्हणतात, म्हणजे एकाच घटकाचा रंग.

2के रंगाचं गणित वेगळं. घरी नळ गळत होता तेव्हा एम-सील वापरलं असेल ना? दोन कांड्या मळल्या की रसायन सुरू होतं, तास-दोन तासांत दगड होतो, आणि मग तो परत मऊ करता येत नाही. 2के पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानातल्या भाषेत 'पीयू', तसंच काम करतो. जात वेगळी, तत्त्व तेच. रंगातलं रेझिन आणि हार्डनरमधलं आयसोसायनेट एकमेकांना जोडली जातात आणि सगळा थर एकच मोठी जाळी बनतो. ही जाळी पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पेट्रोल बराच वेळ साचून राहिलं तर ती थोडी फुगू शकते, पण पटकन पुसलं तर डागही पडत नाही. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत 1937 मध्ये ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने लावला. आडनाव तेच असलं तरी बायर कंपनीच्या संस्थापक घराण्याशी त्याचं नातं नव्हतं.

आपल्याकडे आता आणखी एक मुद्दा आहे. फेब्रुवारी 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई20, यायला लागलं. इथेनॉल हे अल्कोहोल आहे. नुसत्या पेट्रोलसमोर टिकणारे काही रंग अल्कोहोलसमोर मऊ पडतात. त्यामुळे 'माझ्या काकांनी दहा वर्षांपूर्वी एनसी मारला होता, काही झालं नाही' हा दाखला आता तितकासा उपयोगी नाही.

आणि एक सापळा. मॅट ब्लॅक शोधलं की सगळ्यात आधी 'हीटप्रूफ मॅट ब्लॅक' येतो. 600 अंश वगैरे लिहिलेलं असतं, त्यामुळे वाटतं हा सगळ्यात दणकट. हा सिलिकॉन रेझिनचा रंग सायलेन्सरसाठी असतो आणि साधारण 200 अंशांच्या आसपास टप्प्याटप्प्याने भाजल्यावरच पक्का होतो. टाकी तेवढी कधीच तापत नाही. म्हणजे टाकीवर तो कायम कच्चाच राहणार, आणि पेट्रोलने सहज निघणार.

दुकानात काय मागायचं

दुकानात 'पीयू मॅट क्लिअर, हार्डनरसकट' असं मागा. नेहमीची पद्धत अशी: प्रायमर, त्यावर काळा बेस कोट, त्यावर 2के मॅट क्लिअर. बेस कोट हा बहुतेक वेळा 1केच असतो. पेट्रोल अडवायचं काम पूर्णपणे वरच्या क्लिअरचं आहे. थेट 2के मॅट ब्लॅकही मिळतो, त्यात वेगळा क्लिअर लागत नाही. पण नवशिक्यासाठी बेस आणि क्लिअर हीच जोडी बरी, कारण बेसमध्ये राहिलेली चूक क्लिअरच्या आधी दुरुस्त करता येते.

रंग घेण्याआधी मोबाइलवर त्या प्रॉडक्टच्या नावापुढे 'टीडीएस' लिहून शोधा. हा टेक्निकल डेटा शीट असतो. त्यात रंग आणि हार्डनरचं प्रमाण, मिसळल्यावर किती वेळात वापरायचं, दोन कोटांमध्ये किती थांबायचं हे सगळं असतं. प्रमाण कुठे 2:1 असतं, कुठे 4:1. अंदाजाने ओतू नका. हार्डनर कमी पडला तर थर मऊ राहतो, जास्त झाला तर चमकही बदलते.

2केचे स्प्रे डबेही मिळतात. त्यांच्या तळाला एक बटण असतं. ते दाबलं की आतली हार्डनरची कुपी फुटते आणि मिश्रण सुरू होतं. त्यानंतर डबा एक-दोन दिवसांतच संपवावा लागतो, उरलेला आत घट्ट होतो. तळाला बटण नसेल आणि तरी वर '2के' छापलं असेल, तर तो डबा परत ठेवा.

पेंटरकडून करून घेणार असाल, तर 'मॅट मारून द्या' एवढं म्हणून थांबू नका. विचारा: एनसी मारणार की पीयू? हार्डनर कुठल्या प्रमाणात टाकणार? जो सरळ उत्तर देतो त्याच्याकडे द्या. भाव एकदम कमी सांगितला असेल, तर बहुधा हार्डनरचा खर्च त्यात धरलेला नाही.

टाकी काढताना

इथे घाई करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. भरलेल्या टाकीपेक्षा नुकती रिकामी केलेली टाकी जास्त धोकादायक, कारण आत द्रव नसतो, पेटायला तयार वाफ असते. टाकी उघड्यावर रिकामी करा. जवळ गॅस, देवघरातला दिवा, ग्राइंडर, सिगारेट काही नको. पेट्रोल बाटलीत नको, धातूच्या किंवा इंधनासाठी बनवलेल्या डब्यात घ्या. मग टाकी झाकण काढून सावलीत, हवेशीर जागी बराच वेळ ठेवा.

एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक बीएस6 बाइकमध्ये पंप टाकीच्या आत असतो आणि पाइपमध्ये दाब असतो. नळी ओढून काढली तर पेट्रोलची पिचकारी उडते, तीही गरम इंजिनच्या वर. आधी पंपाचा कनेक्टर काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू द्या, मग इंजिन पूर्ण थंड झाल्यावर नळी काढा. हे जमेल असं वाटत नसेल तर टाकी मेकॅनिककडून उतरवून घ्या, त्यात कमीपणा नाही. सुटे भाग काढण्याआधी प्रत्येक जोडणीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बसवताना तोच उपयोगी पडतो.

घासणं, म्हणजे खरं काम

पहिल्यांदा टाकी डिटर्जंटने धुवा, मग वॅक्स-तेल काढणाऱ्या क्लीनरने किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. क्रम महत्त्वाचा आहे. तेलकट टाकीवर थेट पेपर मारला तर तेल ओरखड्यांमध्ये रुततं आणि पुढे रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. सिलिकॉनवालं डॅशबोर्ड पॉलिश कधी मारलं असेल तर दोन-तीनदा पुसा.

जुना रंग कसला आहे ते बघायला थिनरमध्ये भिजवलेलं फडकं एका कोपऱ्यात अर्धा मिनिट घासा. रंग फडक्यावर आला तर तो 1के आहे, सगळा काढावा लागेल. नाही आला तर कंपनीचा पक्का रंग आहे. तो घट्ट बसलेला असेल तर पूर्ण उडवायची गरज नाही, घासून त्याचा आधार म्हणून वापर करा.

गंज असेल तिथे 80 किंवा 120 नंबरच्या पेपरने चमकतं लोखंड दिसेपर्यंत घासा. उघड्या लोखंडावर 2के इपॉक्सी प्रायमर. पोचा असेल तर लांबी भरा आणि ती 180-240 ने कोरडीच घासा. लांबी पाणी पिते, आणि ते पाणी पावसाळ्यानंतर फोड होऊन वर येतं. सपाटी बघायला मोबाइलचा टॉर्च टाकीला जवळजवळ समांतर धरा. सरळ प्रकाशात न दिसणारी प्रत्येक लाट तिरप्या प्रकाशात दिसते. मॅट फिनिश ओरखडे लपवतो असं लोक म्हणतात. ते काही अंशी खरं आहे, पण पोचे लपत नाहीत. प्रायमरवर 400 चा, बेसच्या आधी 600 किंवा 800 चा पाणी पेपर.

आता ती जागा, जिथून पेट्रोल बहुतेक वेळा आत शिरतं: झाकणाचं तोंड. बरेच जण मास्किंग टेप तोंडाच्या कडेला बरोबर लावतात आणि रंगाची कड उघडी राहते. क्लिअर कितीही चांगला असो, पेट्रोल त्या कडेखालून शिरतं आणि थर उचलतं. टेप थोडी आतल्या बाजूला लावा, म्हणजे प्रायमर आणि क्लिअर कड ओलांडून झाकणाच्या रबराखाली जाईल. झाकणाच्या खळग्यात एक छोटं ड्रेन होल असतं, त्यातून सांडलेलं पेट्रोल आणि पावसाचं पाणी नळीने खाली जातं. ते लांबीने किंवा रंगाने बुजलं, तर पेट्रोल तिथेच साचतं आणि पावसाचं पाणी टाकीत उतरू शकतं. ई20 मध्ये पाणी जास्त झालं की इथेनॉल पाण्यासोबत खाली बसतं आणि बाइक सुरूच होत नाही. टूथपिक घालून ते भोक शेवटी मोकळं आहे का बघा.

फवारणी आणि तुमची फुप्फुसं

2के रंगाची किंमत फक्त पैशात नसते. हार्डनरमधलं आयसोसायनेट श्वासातून गेलं तर दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की नंतर अगदी थोड्या वाफेनेही झटका येतो. भोपाळमध्ये 1984 साली गळती झाली ते मिथाइल आयसोसायनेट वेगळं आणि कितीतरी जास्त घातक रसायन होतं, पण कुटुंब हेच. रुमाल, सर्जिकल मास्क, एन95 इथे पुरत नाहीत. एन95 धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. किमान सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज आणि कणांचा फिल्टर असलेला घट्ट बसणारा रेस्पिरेटर, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या. व्यावसायिक बूथमध्ये बाहेरून ताजी हवा देणारे मास्क वापरतात, कारण आयसोसायनेटला ओळखू येईल असा वास नसतो आणि कार्ट्रिज संपलं हे कळतच नाही.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: फ्लॅटच्या गॅलरीत, जिन्यात किंवा बंद गॅरेजमध्ये 2के मारू नका. शेजारच्या आजींना दमा असेल तर त्यांनी मास्क घातलेला नाही. घासणं, लांबी, सुटे भाग काढणं हे सगळं स्वतः करा, त्यातच सगळ्यात जास्त मजुरी जाते. शेवटचा बेस आणि क्लिअर बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्या.

तरीही फवारणीचं तंत्र माहीत असावं, म्हणजे पेंटरचं काम बघताना कळतं. मॅट क्लिअरचा डबा नीट ढवळायचा, कारण सिलिका तळाला बसते. बंदूक 15 ते 20 सेंटीमीटर लांब, हात एकाच वेगात, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. कुठे जाड कुठे पातळ झालं की सुकल्यावर पट्टे किंवा ढग दिसतात. पहिला कोट पूर्ण, सगळीकडे एकसारखा मॅट दिसेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. घाईत दुसरा कोट मारला तर थिनर आत अडकतो आणि चमकते चट्टे राहतात. डाग सुधारायला फक्त तेवढ्या जागेवर मारून चालत नाही, अख्खा पॅनल पुन्हा करावा लागतो.

हवामानही बघा. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसतं आणि काळ्यावर पांढरट झाक येते. शिवाय आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणजे बारीक बुडबुडे. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे काम नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

बाकीचे भाग

सायलेन्सरला सिलिकॉनवाला हीटप्रूफ रंगच, आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे इंजिन टप्प्याटप्प्याने तापवून भाजायचा. चेसिस, स्टँड, स्विंगआर्मला पावडर कोटिंग रंगापेक्षा जास्त टिकतं. त्यात पूड विजेच्या भाराने चिकटवून सुमारे 180 ते 200 अंशांच्या भट्टीत वितळवतात. उन्हात राहणाऱ्या भागांना पॉलिएस्टर पावडर मागा, नुसती इपॉक्सी उन्हाने खडूसारखी होते. चेसिस नंबर मात्र झाकून घ्या. कोरलेले आकडे थराखाली बुजले तर आरटीओत उत्तर देत बसाल. साइड पॅनलचं प्लास्टिक एबीएस असेल तर सौम्य घासून नेहमीचीच पद्धत चालते. मडगार्ड पॉलिप्रॉपिलीनचं असेल तर आधी अॅडहिजन प्रमोटर लागतो, नाहीतर रंग सालीसारखा निघतो. आतल्या बाजूला 'पीपी' असं कोरलेलं असतं, ते बघा.

पेट्रोल टेस्ट

टाकीवर प्रयोग करू नका. टाकीसोबतच एका जुन्या पत्र्याच्या तुकड्याला तेच सगळे थर मारून घ्या. सात दिवस थांबा, कारण साध्या तापमानाला 2केची जाळी पूर्ण पक्की व्हायला साधारण एवढा वेळ लागतो. हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. मग बाहेर, उघड्यावर, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापूस त्यावर ठेवून बाटलीचं झाकण पालथं घाला. अर्ध्या तासाने काढा आणि नख दाबा. कापूस काळा नाही, नखाचा वण नाही, म्हणजे हार्डनर बरोबर पडलाय. तोपर्यंत टाकी भरू नका, झाकणही घट्ट बसवू नका, रबर ओल्या थराला चिकटतं.

आरसीवर रंग कोणता आहे?

लाल बाइक काळी करणार असाल तर आधी एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये आरसी उघडा. त्यात गाडीचा रंग लिहिलेला असतो. रंग बदलायचा असेल तर आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. नाकाबंदीत किंवा क्लेमच्या वेळी कागद आणि गाडी वेगळी दिसली की डोकेदुखी तुमचीच. आणि मॅट ब्लॅकवरून कोणाचं मन मॅट ऑलिव्ह ग्रीनकडे वळलं, तर थांबा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 121 नुसार तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे.

नंतर काय करायचं नाही

डिझेल किंवा रॉकेलच्या फडक्याने बाइक चमकवायची सवय असेल तर ती सोडा. वॅक्स, पॉलिश, 'शाइन' लिहिलेला शॅम्पूही नको. साधा सौम्य शॅम्पू आणि मऊ मायक्रोफायबर पुरे. पेट्रोल सांडलं तर घासू नका, आधी टिपून घ्या, मग पाण्याने धुवा. गुडघे टेकतात तिथे जीन्सच्या घर्षणाने मॅट हळूहळू चकचकीत होतो, म्हणून तिथे टँक पॅड लावलेला बरा.

आणि पेट्रोलपेक्षा वाईट शत्रू हँडलवर बसलेला असतो: ब्रेक ऑइल. डिस्क ब्रेकच्या डबीतलं डॉट 3 किंवा डॉट 4 द्रव पक्क्या 2के रंगालाही मऊ करतं, आणि डबी बरोबर टाकीच्या वरच्या बाजूला असते. सर्व्हिसिंगला ब्रेक ऑइल बदलताना टाकीवर जाड ओलं फडकं टाकायला मेकॅनिकला सांगा, आणि थेंब पडलाच तर लगेच भरपूर पाणी ओता.